सहीपूर्वीची पाच मिनिटे

व्यापारात सबुरी हवी असे म्हटले की गिऱ्हाइकाची वाट पाहत गल्ल्यावर बसून राहणे एवढाच अर्थ बहुतेक जण घेतात. ही सबुरीची एक बाजू झाली. हातातल्या कामाला पुरता वेळ आणि पुरते लक्ष देणे ही तिची दुसरी बाजू आहे. लहान दुकानदाराचे नुकसान पुष्कळदा याच बाजूने होते, विशेषतः सही करताना.

नेहमीचा प्रसंग घेऊ. दारात टेम्पोतून माल उतरतो आहे, काउंटरवर गर्दी आहे आणि घाऊक व्यापाऱ्याचा माणूस उधारीच्या तारणासाठी सही केलेला कोरा चेक मागतो. आपण सही करून मोकळे होतो. रक्कम आणि तारीख नसलेला चेक म्हणजे बिनकामाचा कागद, अशी आपली समजूत असते.

ही समजूत चुकीची आहे. आपण खुशीने सही करून दिलेल्या चेकवर बाकीचा मजकूर दुसऱ्याने भरला, तरी तो देणे फेडण्यासाठीच दिला असे कायदा गृहीत धरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हे स्पष्ट केले आहे. तसे देणे नव्हते हे दाखवण्याचा भार सही करणाऱ्यावर येतो. खात्यात पैसे नसल्याने चेक वठला नाही, तर १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

जामीनकीचेही असेच आहे. मेहुण्याच्या किंवा शेजाऱ्याच्या कर्जाला आपण जामीन राहतो आणि स्वतःला नुसता साक्षीदार समजतो. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ सांगते की, करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे बँक आधी कर्जदाराच्या मागे लागेल आणि मग आपल्याकडे येईल, असा भरवसा धरता येत नाही.

मग करावे काय? पहिली गोष्ट, गर्दीच्या वेळी सही करू नये. “कागद ठेवून जा, जोहरच्या नमाजनंतर वाचून देतो,” एवढे सांगावे. चेक देणे भागच असेल तर नाव, रक्कम व तारीख स्वतः लिहावी आणि चेक क्रॉस करावा. तो कशापोटी दिला याची पोच घ्यावी आणि चेकचा नंबर वहीत टिपावा. हिशेब मिटला की त्याच दिवशी चेक परत मागावा. जामीन राहायचेच असेल तर किती रकमेपर्यंत आणि किती मुदतीसाठी, हे कागदावर लिहून घ्यावे. सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आपल्याजवळ असावी.

आणखी एक. चेक न वठल्याची नोटीस आली तर ती न वाचता खणात टाकू नये. नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवसांची मुदत असते. तेवढ्यात रक्कम भरली तर त्या चेकचा खटला उभा राहत नाही. कायद्याने दिलेली ही सवड घाबरून किंवा आळसाने घालवणे परवडणारे नाही.

“वाचून सही करतो” म्हटले तर समोरच्याला अविश्वास वाटेल, अशी भीती अनेकांना वाटते. आम्हाला उलटे वाटते. तोंडी भरवशावर झालेल्या व्यवहारात पुढे दोघांच्या आठवणी जुळत नाहीत. मग पैसाही अडकतो आणि सोयरीकही तुटते. जो वाचतो, विचारतो आणि मग सही करतो, तो दोन्ही राखतो. पाच मिनिटे थांबल्याने कोणताही सरळ सौदा मोडत नाही. तेवढ्यानेच मोडत असेल, तर तो सौदा मोडलेलाच बरा.