लाव्हाचं बुकिंग होत नाही : हवाईच्या ज्वालामुखी उद्यानाचा खर्च

हवाईच्या ‘बिग आयलंड’वरच्या हवाई व्होल्कॅनोज नॅशनल पार्कमध्ये शिरायला एका खासगी गाडीमागे ३० डॉलर पडतात. गाडीत दोघं असोत की सहा जण, पावती एकच, आणि ती सात दिवस चालते. किलाउएआसारख्या जागत्या ज्वालामुखीच्या काठावर उभं राहायला याहून जास्त कुणी मागत नाही. तरी चौघांच्या सहलीचा आकडा सहज तीन लाखांपुढे जातो. तो नेमका कशापायी जातो, हे आधी पाहिलं तर कात्री कुठे लावायची ते कळतं.

फाटकावर

फाटकावर रोकड घेत नाहीत, कार्ड लागतं. चालत किंवा सायकलवर येणाऱ्याला माणशी १५ डॉलर. १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना काहीच नाही. उद्यान चोवीस तास, वर्षाचे ३६५ दिवस उघडं असतं आणि आगाऊ आरक्षण लागत नाही.

पासच्या मोहात पडू नका. सगळ्या राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास २०२६ पासून अमेरिकेच्या रहिवाशांना ८० डॉलरला, तर परदेशी पर्यटकांना २५० डॉलरला मिळतो. एवढं एकच उद्यान बघायचं असेल तर दोन्ही तोट्याचे. परदेशी पर्यटकांवर माणशी १०० डॉलरचा नवा अधिभार आला आहे, पण तो ग्रँड कॅन्यन, योसेमिटी अशा अकरा उद्यानांपुरता. हे उद्यान त्यात नाही. मुलाकडे-लेकीकडे अमेरिकेत आलेल्या आईवडिलांना तिथला ज्येष्ठांचा सवलतीचा पास मिळत नाही. त्याची गरजही नाही, कारण गाडीच्या ३० डॉलरमध्ये तेही आलेच.

उतरायचं कुठे, राहायचं कुठे

बेटावर दोन मोठे विमानतळ आहेत. हिलोपासून उद्यान ३० मैल, पाऊण तासाचा रस्ता. कोनापासून ९६ मैल, सव्वादोन-अडीच तास. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून थेट विमानं मुख्यतः कोनाला येतात. हिलोला जायचं तर बहुधा होनोलुलूत विमान बदलावं लागतं. म्हणून तिकीट कोनाचं स्वस्त दिसतं, आणि लोक समुद्रकिनाऱ्याच्या ओढीने मुक्कामही तिथेच ठोकतात. मग एका दिवसात १९० मैल गाडी हाकायची आणि काळोखात, म्हणजे लाव्हा खरा खुलतो त्याच वेळी, परत फिरायचं. कोनाला खुशाल उतरा, पण निदान दोन रात्री उद्यानालगतच्या व्होल्कॅनो गावात किंवा हिलोत काढा.

व्होल्कॅनो गावातलं भाड्याचं घर साधारण १५० ते ३०० डॉलर रात्र. विवराच्या काठावरचं व्होल्कॅनो हाउस हॉटेल त्याहून महाग. जाहिरातीतल्या भाड्यावर राज्याचे आणि काउंटीचे मिळून सुमारे १९ टक्के कर चढतात, शिवाय साफसफाईचे पैसे वेगळे. दोन घरांची तुलना करायची ती शेवटच्या पानावरच्या आकड्याची.

गाडीशिवाय इथे चालत नाही. भारतातून येणाऱ्यांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. शुल्क १,००० रुपये. मूळ परवानाही जवळ हवाच. चालक पंचविशीच्या आतला असेल तर भाडं वाढतं. एका विमानतळावर घेतलेली गाडी दुसऱ्यावर सोडली तर जादा आकार बहुधा लागतो, तो आधी विचारून घ्या.

चौघांचा हिशेब

कॅलिफोर्नियातून निघणारं जोडपं आणि भारतातून आलेले आईवडील, तीन रात्री, गर्दीचा हंगाम सोडून. अंदाज असा :

- विमान, माणशी ४५० : १,८०० डॉलर
- घर, २२० प्रमाणे तीन रात्री, करांसह : ७८५
- गाडी, ९० प्रमाणे चार दिवस : ३६०
- पेट्रोल : ६०
- किराणा आणि बाहेरचं खाणं : ४००
- उद्यान : ३०

एकूण ३,४३५ डॉलर. डॉलर ९० रुपयांना धरला तर सुमारे ३ लाख ९ हजार. यात उद्यानाचा वाटा शेकडा एकही नाही. नाताळात आणि उन्हाळी सुटीत विमान आणि घर हे दोनच आकडे फुगतात, तेव्हा तारखा सरकवण्यासारखी बचत नाही. थेट भारतातून येणार असाल तर लांबचं विमानभाडं आणि व्हिसाचे माणशी १८५ डॉलर यात मिळवा. अमेरिकेच्या २०२५ च्या कायद्यात व्हिसामागे आणखी २५० डॉलरची तरतूद आहे. अर्ज भरताना ती लागू आहे का ते पाहा.

ज्वालामुखीवरून फिरवणारं हेलिकॉप्टर मी यात धरलेलं नाही. माणशी ३०० डॉलरच्या पुढे, म्हणजे चौघांचे बाराशे. एवढ्यात याच घरात आणखी चार रात्री निघतात.

लाव्हा दिसेल का?

सगळा खर्च ज्याच्यासाठी, त्याची हमी कुणीच देत नाही. २३ डिसेंबर २०२४ ला किलाउएआच्या हालेमाउमाउ विवरात सुरू झालेल्या उद्रेकाची तऱ्हा बघा : कधी काही तास लाव्हाची कारंजी, काही तर हजार फुटांवर गेलेली, मग काही दिवस, कधी आठवडे, सामसूम. ‘लाव्हा दाखवतो’ म्हणणाऱ्या सहलीचे पैसे भरण्याआधी लाव्हा नसला तर काय, हे लेखी विचारा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा रोजचा अहवाल आणि विवरावरचे थेट कॅमेरे फुकट बघता येतात. निघायच्या आठवडाभर आधीपासून ते बघत राहा आणि घर रद्द करता येईल असंच घ्या.

कारंजी उडाल्यावर वाऱ्याबरोबर काचेचे सोनेरी, केसांसारखे धागे खाली येतात. त्यांना ‘पेलेचे केस’ म्हणतात. दिसायला मऊ, पण हात लावला तर कुसळ शिरावं तसे टोचतात, आणि डोळ्यांत गेले तर सहल दवाखान्यात संपते. दमेकऱ्यांना ज्वालामुखीतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचा त्रास होतो. ज्येष्ठ बरोबर असतील तर हवेचा अहवाल बघून बाहेर पडा आणि प्रवासाचा आरोग्य विमा टाळू नका.

त्याच तीस डॉलरांत

लाव्हा गप्प असला तरी दिवस वाया जात नाही. किलाउएआ इकीची ३.३ मैलांची फेरी १९५९ साली लाव्हाचं तळं असलेल्या विवराच्या तळावरून जाते. तिथल्या भेगांतून अजून वाफ येते आणि फटीफटीत लाल फुलांची ओहिआची झुडपं उगवलेली दिसतात. गुडघे दुखत असतील तर नाहुकू हा लाव्हाचा बोगदा थोडक्यात होतो. चेन ऑफ क्रेटर्स रोड १८.८ मैलांत ३,७०० फूट उतरून समुद्राला भिडतो. वाटेत पुऊ लोआला खडकावर कोरलेली २३ हजारांहून जास्त चित्रं आहेत. या रस्त्यावर पेट्रोल, पाणी, खाणं काही मिळत नाही. टाकी व्होल्कॅनो गावातच भरा.

हवाई म्हणून फक्त सुती कपडे नेऊ नका. किलाउएआचा माथा सुमारे चार हजार फुटांवर, म्हणजे उंची महाबळेश्वरहून थोडी कमी, पण पाऊस बारा महिने. स्वेटर आणि रेनकोट घरूनच न्या. गावात हॉटेलं मोजकी आणि लवकर बंद होणारी. शाकाहारी मंडळींनी हिलोत किराणा भरून घ्यावा. परतताना विमानतळावर कृषी खातं सामान तपासतं : ताजे आंबे आणि पेरू काढून घेतात, अननस आणि नारळ चालतात. उद्यानातला दगड उचलणं बेकायदा आहे.

बुकिंगचा क्रम असा ठेवा : आधी घर, रद्द करता येणारं, मग विमान, मग गाडी. घर रद्द करण्याची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा. आणि हेलिकॉप्टरचे पैसे हाताशी असतील तर त्यांतून मुक्कामाची एक रात्र वाढवा. लाव्हा दिसण्याची शक्यता त्यानेच वाढते.