इगतपुरीचा पाऊस आणि कपाटाची कड

नाशिकच्या गंगापूर रोडवर राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचं फिरतं घर करायला काढलं, तेव्हा रंगकामाची पाळी सगळ्यात शेवटी आली. आरटीओच्या खेपा, वायरिंग, पाण्याची टाकी यांत जीव मेटाकुटीला आलेला. रंगाचं काय, दोन हात मारले की झालं! हौशी लोकांच्या बहुतेक गाड्यांत हाच क्रम असतो. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीत बदल करण्याआधी परवानगी घ्यायला लावतं. आतल्या लाकडाला काय लावायचं, हे मात्र ज्याचं त्यानंच बघायचं असतं.

श्रावणात गाडी घोटीमार्गे भंडारदऱ्याला जाऊन आली आणि सिंकखालच्या कपाटाचं दार लागेना. दर्शनी बाजू अजून चकाकत होती. खालची कड मात्र फुगून प्लायचे थर सुटे झाले होते. नखानं उचकटलं तर रंगाची पापडी सोलून हातात आली आणि खाली कोरं लाकूड दिसलं. रंग झाल्यावर दार घासतंय म्हणून सुतारानं तळाला दोन सूत रंधा मारला होता. ती कड पुन्हा रंगवायची कुणालाच आठवण झाली नव्हती. उभ्या माणसाला दाराची खालची कड दिसतच नाही ना!

गृहस्थांचा पहिला संशय टपावर गेला. पाइपानं पाणी मारून त्यांनी टप, खिडक्या, रबरं सगळं तपासलं. कुठेही गळती नव्हती. पाणी आलं होतं ते आतूनच. स्वयंपाकाचा गॅस जळताना वाफ तयार होते, आणि ती थोडीथोडकी नसते: एक किलो गॅस जळला की साधारण दीड किलो पाणी वाफेच्या रूपात हवेत जातं. त्यात झोपलेल्या माणसांचे श्वास, ओले रेनकोट आणि पावसामुळे घट्ट लावलेल्या काचा. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवरच्या इगतपुरीत ३,००० च्या वर. त्या हवेत रात्रभर बंद राहिलेल्या गाडीत पत्र्याला घाम फुटतो, तो ओघळून खाली येतो आणि कपाटाच्या बुडाशी साचतो. तिथं कोरी कड असली की ती पाणी ओढून घेणारच.

जुन्या वाड्यांच्या सुतारांना हे चांगलं ठाऊक होतं. वाड्यात लाकडी खांब थेट जमिनीवर उभा करत नसत, खाली दगडी तळखडा असायचा. लाकडाच्या उभ्या नसा जिथं कापल्या जातात त्या तोंडातून पाणी सगळ्यात जास्त शिरतं, म्हणून ते तोंड ओलीपासून वर ठेवायचं. सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडा बघायला गेलं, तर नक्षीबरोबर खांबांच्या बुडांकडेही नजर टाकावी. गाडीतल्या कपाटाला तळखडा कुठून आणणार? तिथं हे काम प्रायमरलाच करावं लागतं.

म्हणून रंगवायला सुरुवात करायची ती कडांपासून. आधी दार जागेवर बसवून बघायचं, रंधा मारायचा तो तेव्हाच मारायचा, बिजागरीची आणि कडीची भोकंही तेव्हाच पाडून घ्यायची. मग सगळं उतरवायचं, प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर पेन्सिलीनं नंबर टाकायचा आणि रंगकाम गाडीबाहेर करायचं. कडांना प्रायमरचा पहिला हात थोडा पातळ करून द्यावा, म्हणजे तो आत मुरतो. त्यावर आणखी दोन हात. स्क्रूच्या भोकांतही बारीक ब्रशनं प्रायमर सोडावा. पाठीची बाजू ‘कोण बघतंय’ म्हणून कोरी ठेवली तर एकच बाजू ओल पिते आणि दाराला बाक येतो. प्लाय घेतानाही सिंकच्या आसपास आयएस ७१० शिक्क्याचाच घ्यावा. साधा एमआर प्लाय घरातल्या कपाटाला ठीक, इथं नको. मात्र आयएस ७१० म्हणजे अमरपट्टा नव्हे; त्याचीही कड बंद करावीच लागते.

दिवस कोणते निवडायचे? पावसाळ्यात शेडमध्येसुद्धा घाई करू नये. दमट हवेत एनसी लॅकर मारला तर त्यावर पांढरट झाक येते, हे फर्निचर पॉलिश करणाऱ्या कुणालाही विचारावं. ऑइल पेंटचा खालचा हात ओला असताना वरचा दिला तर सुरकुत्या पडतात. दिवाळीनंतरचे दिवस चांगले, पण तेव्हा नाशिकात दव असतं. डावणी रोगाच्या धास्तीनं द्राक्षवाला पहाटे पानावर हात फिरवून बघतो. उघड्यावर रंगवणाऱ्यानंही तेवढंच सावध राहावं. संध्याकाळी मारलेल्या इनॅमलवर रात्री दव पडलं की सकाळी चकाकी गेलेली असते. सकाळी ऊन वर येऊन लाकूड कोरडं झाल्यावर सुरू करावं आणि दुपार कलायच्या आत हात थांबवावा. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा पाच-सहा अंशांच्या खाली उतरतो, त्या दिवसांत तर दोन हातांमधलं अंतर डब्यावर लिहिलंय त्याहून बरंच वाढवावं लागतं.

बोटाला रंग लागत नाही म्हणजे तो पक्का झाला, असं नव्हे. ऑइल इनॅमल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो आणि त्याला कित्येक दिवस लागतात. त्याआधी दारं बसवून कड्या लावल्या की गाडीच्या हादऱ्यानं दार चौकटीला चिकटतं आणि उघडताना रंगच उचलून आणतं. या गृहस्थांच्या गाडीत तेही झालंच. शिवाय कपाटांच्या आत मारलेला पांढरा ऑइल पेंट अंधारात पिवळा पडला, बाहेरचा तसाच राहिला. आतल्या बाजूला पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक इनॅमल बरा. तो तसा पिवळा पडत नाही आणि वासही कमी.

जुनी फळी पुन्हा वापरायचा मोह सगळ्यांनाच होतो. तिच्यावरचा रंग कोरडा घासू नये. घरगुती रंगातल्या शिशाला आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात शिसं बरंच जास्त असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना सगळ्यात घातक. ओल्या पेपरनं घासावं, धूळ ओल्या फडक्यानं टिपून घ्यावी आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये.

दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग टिकाऊ खरा, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्यानं दमा जडू शकतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल काहीही अडवत नाही. बंद गाडीत तो फवारणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. हे काम योग्य मास्क आणि मोकळी हवा असलेल्या कारागिरावर सोपवावं. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती गाडीच्या तळाशी साचते. तिथं चालू शेगडी किंवा ठिणगी पडेल असं काहीही नको. जवसाचं तेल लावलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेटू शकतो. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

रंग चिकटला की नाही, हे बघायला ब्लेडनं फुलीसारखी बारीक चीर द्यावी, त्यावर चिकटपट्टी दाबावी आणि झटक्यात ओढावी. पट्टीला रंगाचे तुकडे आले तर पुन्हा घासकाम. ही परीक्षा आधी टाकाऊ तुकड्यावर घ्यावी, कपाटाच्या दारावर नव्हे. कड पाणी ओढते का हे बघायला गृहस्थांनी नवं दार बसवण्याआधी अशाच तुकड्याची खालची कड रात्रभर पाण्याच्या ताटलीत उभी करून ठेवली होती. उरलेला रंग छोट्या बाटलीत भरून, वर तारीख आणि कुठल्या भागाचा ते लिहून, बारीक ब्रशसकट गाडीतच ठेवलेला बरा: कसाऱ्याचा घाट दोनदा चढला-उतरला की कुठला ना कुठला स्क्रू सैल होतोच, आणि तो आवळताना भोकाभोवतीचा रंग उडतो.