पोहताना पायात गोळा का येतो?

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून समुद्रातला किल्ला अगदी जवळ दिसतो. पण लांब पोहताना मध्येच पोटरीत गोळा आला तर?

पायाची बोटे पुढे रोखून पाऊल ताठ करा आणि पोटरी चाचपून पाहा. ती घट्ट लागते ना? पोहताना ती अशीच आखडलेली राहते. स्नायू थकला, की आकुंचनाचे मज्जासंदेश आवरत नाहीत व गोळा येतो, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

अशा वेळी घाबरू नका. उताणे तरंगा, गुडघा सरळ करून बोटे नडगीकडे ओढा. ताण बसताच कंडरेतील संवेदक ते संदेश रोखतात.

गोळा टाळण्यासाठी सरावाचे अंतर हळूहळू वाढवा, घोटे सैल ठेवा, सुरुवातीलाच जोर करू नका. आणि समुद्रात एकट्याने कधीही उतरू नका!