हाताला साजेसे अवजार

(पाठ-परिचय : करवंटी, लाकूड, शिंपला अशा वस्तूंवर बारीक काम करण्यासाठी हातात धरायचे छोटे फिरते यंत्र मिळते. ते कसे निवडावे, हे लेखिकेने या पाठात एका अनुभवाच्या आधारे सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, रिकाम्या वेळात काहीतरी बनवण्याचा छंद तुमच्यापैकी अनेकांना असेल. आपल्या पनवेलमध्ये घरोघरी नारळ फुटतो. खोबरे काढले की करवंटी फेकली जाते. पण तीच करवंटी घासून गुळगुळीत केली, तिला बारीक भोके पाडली आणि आत दिवा लावला, तर भिंतीवर चांदण्या उमटतात!

माझ्या वर्गातील एका मुलीने शाळेच्या प्रदर्शनासाठी असा दिवा करायचे ठरवले. तिच्या मामांकडे भिंतीला भोके पाडायचे मोठे ड्रिल होते. तेच तिने घेतले. यंत्र दोन किलो वजनाचे. ते दोन्ही हातांनी धरले, तर करवंटी कोण धरणार? सातव्या भोकाला करवंटी तडकली. दुसरीही फुटली. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली, तेव्हा तिची बोटे बधिर झाली होती. ती म्हणाली, "टीचर, माझ्या हातात कलाच नाही."

ते शब्द माझ्या मनाला लागले. पण मला तरी अवजारांतले काय कळत होते? मी तिला ओळखीच्या एका वृद्ध सोनारकाकांकडे घेऊन गेले.

काकांच्या डोक्यावर एका आकड्याला छोटी मोटर टांगलेली होती. मोटरीतून एक लवचीक नळी त्यांच्या हातापर्यंत आली होती. नळीच्या टोकाला पेन्सिलीएवढी मूठ होती. पायाखालचे बटण दाबले की मुठीतील बारीक टोक भिरभिरू लागे. काकांनी मुलीची हकिकत ऐकली आणि हसून म्हणाले, "बाळ, कला आहे तुझ्या हातात. पण तू सुईचं काम पहारीनं करत होतीस!"

मुलांनो, फिरत्या टोकाने भोक पाडण्याची युक्ती फार जुनी आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचे मानवी दात सापडले. त्यांपैकी अकरा दातांना भोके पाडलेली आहेत. हे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे सुतार कमानीच्या दोरीने बरमा फिरवत. 'बरमा' हा शब्द तर उर्दूतही आहे. १८७१ साली अमेरिकेतील दंतवैद्य जेम्स मॉरिसन यांनी पायाने चालवायच्या दातांच्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे १९३५ साली अल्बर्ट ड्रेमेल यांच्या अमेरिकेतील कंपनीने विजेवर चालणारे, एका हातात मावणारे यंत्र बाजारात आणले. आज अशी यंत्रे अनेक कंपन्या बनवतात.

अशा यंत्राचा वेग किती असतो? घरातील छताचा पंखा मिनिटाला सुमारे साडेतीनशे फेरे घेतो. हे यंत्र पाच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत फेरे घेते. म्हणून येथे जोर लावायचा नसतो. टोक हलकेच टेकवायचे. काम वेगच करतो. जोर लावला तर टोक मोडते आणि हातही दुखतो.

यंत्र घेताना काय पाहावे, हे काकांनी आम्हांला समजावून सांगितले.

पहिली गोष्ट वजनाची. अर्धा किलो वजन उचलताना हलके वाटते. पण तेच तासभर धरले की मनगट भरून येते. म्हणून दुकानात यंत्र निदान दोन-तीन मिनिटे हातात धरून ठेवावे.

दुसरी गोष्ट जाडीची. यंत्राची मान आपल्याला पेन्सिलीसारखी धरता आली पाहिजे. हात लहान असेल तर लवचीक नळीचे यंत्र सोयीचे. मोटर आकड्यावर राहते, हातात फक्त हलकी मूठ. मात्र नळी एकदम मुडपू नये, ती तापते.

तिसरी गोष्ट कंपाची. यंत्र चालू करून पाहावे. टोक डगमगत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर ते यंत्र घेऊ नये.

चौथी गोष्ट बटणाची. पकड न सोडता बटण बंद करता आले पाहिजे, वेग कमी-जास्त करता आला पाहिजे. फार वेगाने प्लॅस्टिक वितळते, लाकूड करपते. हवा जाण्याच्या फटी तळव्याखाली झाकल्या जाऊ नयेत.

पुढच्या रविवारी मी, ती मुलगी आणि तिचे मामा हार्बर गाडीने मशीद स्थानकावर उतरलो. तेथून जवळच नागदेवी स्ट्रीटवर अवजारांची दुकाने आहेत. दुकानदाराने आधी सर्वांत शक्तिशाली यंत्र पुढे केले. मुलीने ते हातात धरले, मनातल्या मनात मिनिटे मोजली आणि नम्रपणे परत दिले. चौथे यंत्र तिच्या हाताला साजले. ते लहान होते, लवचीक नळीचे होते आणि पहिल्यापेक्षा स्वस्तही होते!

घरी आल्यावर मामांनी काही नियम घालून दिले. डोळ्यांवर चष्मा आणि नाका-तोंडावर मास्क लावायचा, कारण करवंटीची भुकटी छातीत जाते. केस बांधायचे. ओढणी बाजूला ठेवायची आणि सैल बाह्या वर करायच्या. फिरत्या टोकात कापड क्षणात गुंडाळले जाते. करवंटी हातात न धरता शिकंजात धरायची. टोक बदलण्यापूर्वी प्लग काढायचा. दर दहा मिनिटांनी हाताला विश्रांती द्यायची. आणि मोठे माणूस जवळ असल्याशिवाय यंत्र सुरू करायचे नाही.

प्रदर्शनात तिचा दिवा लागला. एक भोक जरा वाकडे होते. "ते पहिलं आहे, टीचर. तेव्हा हात बसला नव्हता," ती म्हणाली. आता ती हाताला दोष देत नव्हती.

मित्रांनो, एखादे काम जमले नाही की आपण चटकन स्वतःला नावे ठेवतो. तसे करण्यापूर्वी हातातले अवजार एकदा नीट पाहा.

शब्दार्थ
करवंटी – नारळाचे कठीण कवच
बधिर – सुन्न
पहार – खणण्याची जाड लोखंडी कांब
कंप – थरथर
शिकंजा – वस्तू घट्ट पकडणारे साधन
हात बसणे – सवयीने काम जमू लागणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पहिली करवंटी कितव्या भोकाला तडकली?
(आ) सोनारकाकांची मोटर कोठे टांगलेली होती?
२. कारणे लिहा.
(अ) यंत्र चालवताना ओढणी बाजूला ठेवावी.
(आ) फिरत्या यंत्रावर जोर लावू नये.
३. 'सुईचे काम पहारीने करणे' म्हणजे काय, ते तुमच्या शब्दांत सांगा.
४. वाक्यात उपयोग करा : मनाला लागणे, हात बसणे, नावे ठेवणे.
५. उपक्रम : उर्दूत 'रेती' हे लोखंड घासायचे अवजारही असते, मराठीत त्या अवजाराला 'कानस' म्हणतात आणि 'रेती' म्हणजे वाळू. दोन्ही भाषांत वेगळे अर्थ असलेले असे आणखी तीन शब्द शोधा.