माळावरच्या घोड्यांपाशी

रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन घेणं हे माझं काम. पत्ता सांगा, श्वास चालू आहे का, शेजारी कोण आहे, हे सगळं आवाज न चढवता विचारायचं. पाळी संपते, पण पलीकडचे आवाज पुष्कळ वेळ कानातून जात नाहीत. माझं गाव पुरंदर तालुक्यात आहे. दिवाळी झाली की फलटण, माणकडचे धनगर मेंढरं घेऊन पश्चिमेकडे निघतात आणि वाटेत त्यांचे वाडे आमच्या शिवारात उतरतात. मेंढरं कुणाच्या तरी रानात बसतात, सामान वाहणारी घोडी माळावर चरतात. सुट्टीच्या सकाळी मी तिथे जाऊन बसते. त्या बसण्यातून जे कळलं, ते इथे लिहिते आहे.

१. टक लावून बघू नये

सुरुवातीला मी घोड्यांकडे एकटक बघत असे. वाड्यावरच्या एका आजींनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "पोरी, आसं टक लावून बघू नगस. गवताकडं बघ, मंग ती आपसूक निवांत हुत्यात."

घोडा हे शिकार होणारं जनावर आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं; कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं तेवढं दिसत नाही. आपले डोळे समोर असतात, वाघाबिबट्यासारखे. समोरून रोखलेली नजर त्याला कशी वाटत असेल, याचा अंदाज यावरून येतो.

मी नजर सैल सोडली. गवत, बाभळी, पलीकडचा डोंगर, आणि त्यातच कुठेतरी घोडी. रात्रभर पडद्यावरच्या एका चौकटीत अडकलेले डोळे असे माळभर पसरले, की खांदे आपोआप खाली येतात. हे मी दर वेळी अनुभवते.

२. कान वाचावेत

घोड्याचे दोन्ही कान वेगवेगळे फिरतात. एक माझ्याकडे असतो, दुसरा रस्त्यावरच्या टेम्पोकडे. मागे चिकटलेले कान म्हणजे राग. बाजूला ढिले पडलेले कान म्हणजे डुलकी. माझं सगळं आयुष्य ऐकण्यात चाललं आहे, त्यामुळे मला या कानांचं फार अप्रूप आहे.

कुत्रं भुंकतं तेव्हा एक कान तिकडे वळतो, तोंड मात्र गवतातच राहतं. मोटारसायकल जवळून गेली तर मान वर येते आणि चघळणं थांबतं. ओठातून गवताची काडी तशीच लोंबत असते. एवढ्या क्षणात सगळं अंग निर्णयासाठी थांबलेलं असतं. मग मान खाली जाते, नाकातून फुर्रर्र आवाज येतो आणि चरणं पुढे सुरू होतं. हे फुरफुरणं फ्रान्समधल्या संशोधकांनी मोजलं होतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात घोडे निवांत असताना, विशेषतः कुरणात, ते जास्त ऐकू आल्याचं दिसलं. मला तो आवाज ऐकायला मिळाला की सकाळ सार्थकी लागते.

घोडा सगळं ऐकतो, पण ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीमागे जात नाही. हे मी अजून शिकते आहे.

३. भीती पायांतून जाऊ द्यावी

एकदा वाऱ्याने खताची रिकामी गोणी उडत आली. मोकळी होती ती घोडी उधळली, पायबंद घातलेली उड्या मारत मागे गेली. थोड्या अंतरावर सगळी थांबली, वळली, गोणीकडे बघत राहिली. मग एकीने मान खाली घातली आणि मागोमाग बाकीच्यांनीही. गोणी तिथेच बाभळीला अडकून फडफडत होती, तिच्याकडे पुन्हा कुणी पाहिलं नाही.

घोडी निर्भय नसतात, हे मला त्या दिवशी नीट कळलं. ती घाबरतात आणि पळतात, आणि पळाल्यामुळे भीती खर्ची पडते. माझ्या खुर्चीत तसं होत नाही. कुणाचं तरी मूल विहिरीत पडलेलं असतं, माझं काळीज धडधडतं आणि मी मात्र बसूनच असते. आता अवघड फोन संपला की मी उठते, जिना उतरते, चढते. घोड्यांकडून घेतलेल्या गोष्टींत रोज उपयोगी पडणारी गोष्ट हीच.

४. बरगड्यांबरोबर श्वास घ्यावा

निवांत उभा घोडा मिनिटाला ८ ते १६ वेळा श्वास घेतो. मी त्याच्या बरगड्यांच्या मागची कूस बघते आणि तिच्यासोबत श्वास घेते. हे जमायला काहीच शिकावं लागत नाही.

५. ही कष्टकरी घोडी आहेत

शहरातून आलेल्या माणसाला माळावरचा घोडा स्वातंत्र्याचं चित्र वाटतो. मला तसं लिहिणं पटत नाही. यांच्या पुढच्या पायांत पायबंद असतो आणि वाडा हलतो त्या दिवशी पाठीवर भांडी, वाकळा, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी धनगराचं तान्हं पोरही असतं. ही भीमथडी घोडी. भीमा-नीरेच्या खोऱ्यात घडलेली, मराठ्यांच्या घोडदळात धावलेली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने त्यांची आता स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. घोडदळ गेलं, पण धनगरांनी ती सांभाळली म्हणून आज ती आहेत. त्यांचे आपण खरोखर ऋणी आहोत.

ओझं उतरलं की ही घोडी लगेच चरू लागतात. पोट लहान, त्यामुळे थोडं थोडं खात राहायचं. मोकळ्या घोड्याचे दिवसाचे १४-१६ तास यातच जातात. वर-खाली दोन्हीकडे पुढचे दात असल्याने गवत कात्रीने कापल्यासारखं तुटतं, आणि शांत सकाळी तो आवाज दूरवरून येतो. उद्याच्या मजलेचा विचार त्या आवाजात नसतो.

६. खायला देऊ नये

मालकाला विचारून बसावं, घोड्याला दिसेल अशा जागी बसावं. गूळ, पाव काही नेऊ नये. घोड्याला उलटी होत नाही. बाधलेलं अन्न पोटातच राहतं आणि पोटशूळ जिवावर बेततो.

७. एकाने जागं राहावं

घोडा उभ्याने डुलकी काढतो, कारण पायांचे सांधे त्याला स्नायूंच्या फारशा श्रमाविना अडकवून ठेवता येतात. गाढ, स्वप्नांची झोप मात्र आडवं झाल्याशिवाय लागत नाही. ती दिवसाला अर्धा तासभर लागते, आणि सुरक्षित वाटलं नाही तर घोडा आडवा होतच नाही. बरेच दिवस असं चाललं तर तो उभ्या उभ्या गुडघ्यांवर कोसळतो.

माळावर शिंगरू आणि दोन घोडी अंग टाकून पडलेली असतात तेव्हा एक घोडी हमखास उभी असते. ती चरतही नाही. काही वेळाने पडलेली एक उठते आणि उभी असलेली अंग टाकते. हा बदल कुणी कुणाला सांगितल्याचं मला दिसलेलं नाही.

हे मी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला सांगितलं. तेव्हापासून आमचं ठरलं आहे. एखादा फोन वाईट संपला, की ती काही न विचारता माझ्या वाट्याचे पुढचे फोन स्वतःकडे घेते आणि मी कानावरचं यंत्र काढून मागच्या खोलीत आडवी होते. तिच्यावर वेळ आली की मी जागी असते.