आधी पाणी ऐकू दे, मग चित्र दाखव

एम.एस्सी.च्या मुलांना एमआरआय शिकवायचं काम तुझ्याकडे आलंय, तर पहिल्या तासाला मेंदूचं चित्र पडद्यावर लावू नकोस. ते पाहिलं की मुलं समजतात, यंत्र शरीरात डोकावून बघतं. खरं तर ते पाण्यातल्या प्रोटॉनांचा सूर ऐकतं, आणि कुठला सूर कुठून आला त्यावरून चित्र मांडतं. हे एकदा मुलांच्या कानावर पडलं की पुढची गणितं ती स्वतःहून मागतात.

एक टेस्ला क्षेत्रात प्रोटॉनची वारंवारता 42.58 मेगाहर्ट्झ. हॉस्पिटलच्या दीड टेस्लाच्या यंत्रात सुमारे 64 मेगाहर्ट्झ. ती कानाला कळायची नाही. पण पुण्यात पृथ्वीचं क्षेत्र साधारण 43 मायक्रोटेस्ला आहे. गुणाकार मुलांनाच करू दे. उत्तर 1800 हर्ट्झच्या आसपास येतं आणि ते स्पीकरवर चक्क ऐकू येतं. महागडं चुंबक मंजूर होईपर्यंत थांबायचं कारणच उरत नाही.

तापकीर गल्लीतून वाइंडिंग वायर आण आणि पाण्याच्या बाटलीभोवती कॉइल मुलांच्या हातानं गुंडाळून घे. काही सेकंद जोरदार डीसी प्रवाह सोडायचा, झटक्यात तोडायचा, आणि त्याच कॉइलला अॅम्प्लिफायर जोडून ऐकायचं. प्रवाह तोडताना कॉइल मोठा व्होल्टेज उसळवते. संरक्षक डायोड लावल्याशिवाय कुणाला स्विचला हात लावू देऊ नकोस. कॉइलचा अक्ष आडवा, पूर्व-पश्चिम ठेव, म्हणजे तो पृथ्वीच्या क्षेत्राला काटकोनात राहील.

पहिल्या दिवशी बहुधा काहीच ऐकू येणार नाही, आणि मला विचारशील तर खरं शिक्षण तिथेच सुरू होतं. आरसीसी इमारतीतल्या सळ्या, लोखंडी कपाट, टेबलाचे खिळे यांनी क्षेत्र जागोजागी बदलतं आणि सूर क्षणात विरतो. लाकडी स्टूल घेऊन मैदानाच्या मधोमध जा, दुचाक्यांपासून लांब. तिथेही विजेच्या तारांची गुणगुण पिच्छा सोडत नाही. 50 हर्ट्झच्या पटीतले 1800 आणि 1850 नेमके आपल्या सुराच्या शेजारी येतात. त्यावर उपाय आहे. हुबेहूब सारख्या दोन कॉइल उलट दिशांनी जोड आणि पाणी एकीतच ठेव. बाहेरची गुणगुण दोन्हींत सारखी शिरते आणि वजा होते. मुलं कंटाळली तर त्यांना कुलाब्याच्या वेधशाळेची हकिगत सांग. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथली चुंबकीय निरीक्षणं 1904 पासून अलिबागला हलवावी लागली. आपली अडचण तीच आहे.

सूर सापडला की मग मोरचूद काढ. साध्या नळाच्या पाण्यातले प्रोटॉन क्षेत्राशी जुळायला दोन-तीन सेकंद घेतात; मोरचूद मिसळलं की हा वेळ झपाट्यानं कमी होतो. चिमूट-चिमूट वाढवत मोजायला लाव, आलेख जर्नलमध्ये काढून घे. रुग्णाला गॅडोलिनियमचं इंजेक्शन का देतात, हे मग वेगळं शिकवावं लागत नाही.

चित्र सगळ्यात शेवटी. पाण्याच्या दोन लहान बाटल्या कॉइलमध्ये थोड्या अंतरावर ठेव आणि ग्रेडियंट कॉइलनं क्षेत्राला किंचित उतार दे. एकाच सुराचे दोन होतात. लॅपटॉपवर वारंवारतेचा आलेख काढला की दोन शिखरं दिसतात, आणि त्यांतलं अंतर म्हणजेच बाटल्यांतलं अंतर. पॉल लॉटरबर यांनी 1973 साली 'नेचर'मध्ये छापलेलं चित्र असंच पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं होतं. त्यांनी उताराची दिशा बदलत अनेक आलेख घेतले आणि ते जुळवले. 2003 साली त्यांना पीटर मॅन्सफिल्ड यांच्यासोबत नोबेल मिळालं. मुलांना धर्मट्टींचं नावही सांग. 1951 साली स्टॅनफर्डमध्ये अरनॉल्ड आणि पॅकार्ड यांच्यासोबत त्यांनी अल्कोहोलच्या प्रोटॉनांच्या तीन वेगळ्या रेषा दाखवल्या आणि पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचं काम उभं केलं. आपल्या मुलांना हे नाव ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

एवढं झाल्यावरच हॉस्पिटलची भेट ठरव. तिथला धडधड आवाज ग्रेडियंट कॉइलचा, हे मुलं आपणहून ओळखतील. आत जाण्याआधी किल्ल्या, मोबाइल, केसांच्या पिना, खिशातली नाणी स्वतः तपासून बाहेर ठेव, आणि कुणाच्या शरीरात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा आहे का ते आदल्या दिवशीच विचार. स्कॅन चालू नसला तरी ते अतिवाहक चुंबक रात्रंदिवस चालूच असतं.