सिबिल खराब असताना जालन्यात किरायाने घर कसं मिळवावं

सोयाबीन पाण्यात गेलं, पीककर्ज थकलं, बचत गटाच्या कर्जाचे हप्ते राहिले आणि आता मुलांच्या शाळेसाठी किंवा एमआयडीसीतल्या कामासाठी मंठा, परतूर, घनसावंगीकडून जालना शहरात यायचंय. अशा घरात एक धास्ती हमखास असते: सिबिल खराब आहे, घर कोण देणार? पुढची कृती अशा कुटुंबांसाठी आहे.

ती धास्ती आधी मनातून काढा. घरमालकाला तुमचं सिबिल परस्पर काढता येत नाही. 2005 च्या पतमाहितीविषयक कायद्याप्रमाणे तो अहवाल बँका, फायनान्स कंपन्या आणि कायद्याने मान्य केलेल्या संस्थांनाच मिळतो. आपल्याकडे घरमालक विचारतो ते वेगळंच: काम कुठं, माणसं किती, गाव कोणतं, ओळखीचं कोण. त्याच्या मनातले खरे प्रश्न दोनच असतात. किराया तारखेला येईल का? आणि वसुलीवाले माझ्या दारात उभे राहतील का? या दोहोंची उत्तरं हातात घेऊनच घर बघायला निघा.

घर शोधण्याच्या महिनाभर आधी स्वतःचा अहवाल काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. गुण 300 ते 900 मध्ये असतात, पण आकड्यापेक्षा खाली लिहिलेली खाती वाचा. फेडलेलं कर्ज अजून थकीत दिसतंय का? भावकीत कुणाला जामीन राहिला होतात, त्याची थकबाकी तुमच्या नावावर आलीय का? कर्जमाफीत बसलेलं खातं अजून उघडंच आहे का? चूक दिसली तर त्याच कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मागता येते.

मग छोटी थकबाकी आधी मिटवा. तडजोड करून कमी रकमेत खातं मिटवलं, तर अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढचं कर्ज अडतं. जमत असेल तर पूर्ण फेड करा आणि बेबाकी दाखला घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका. डिपॉझिटसाठी मात्र नवं फायनान्स उचलू नका. एक हप्ता थकलेला असताना डोक्यावर दुसरा आला, की तिसऱ्या महिन्यात किरायाच थकतो.

आता एक साधी फाईल करा. आधार, मागच्या घराच्या लाइट बिलाच्या आणि किरायाच्या पावत्या, सहा महिन्यांचं पासबुक, पगारपत्रक. रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराकडे काम असेल आणि पगारपत्रक मिळत नसेल, तर कामावर असल्याचं पत्र मागा. मोंढ्यातल्या हमालाने आडत्याचं पत्र आणावं. जुन्या घरमालकाचा फोन नंबर त्याला विचारून लिहा. शहरातल्या घरमालकाला ओळखणारा गावचा एक माणूस या सगळ्या कागदांहून जड पडतो. त्याला सोबत न्या.

घरमालकासमोर खरं सांगा. कर्जाचा सगळा पाढा वाचायची गरज नाही, पण विचारलं तर लपवू नका. ‘काका, दोन वर्षं पीक गेलं, बँकेचं थकलंय, त्याचा हप्ता आता बांधून घेतलाय. किराया पगाराच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या खात्यावर येईल,’ एवढं पुरे. आठ हजारांच्या फ्लॅटपेक्षा चार हजारांच्या दोन खोल्या आधी बघा. भरवसा बसावा म्हणून दोन महिन्यांचा किराया आगाऊ देऊ करा, पण पावती घेऊनच. वसुलीवाल्यांचा विषय निघाला तर नियम माहीत असू द्या: रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे वसुलीसाठीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाहीत. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना दिलेल्या विनातारण सूक्ष्म कर्जांसाठी ही वेळ सकाळी 9 ते संध्याकाळी 6 आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर अपमान करायची परवानगी कुणालाच नाही.

करारनाम्यात कसूर करू नका, इथंच गरीब माणूस सगळ्यात जास्त फसतो. स्टॅम्पवर लिहून नोटरी केली की झालं, असा समज आहे. तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, अकरा महिन्यांचासुद्धा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत किरायदाराचंच म्हणणं धरलं जातं. खर्चाचा बाऊही करू नका. मुद्रांक शुल्क एकूण किराया आणि डिपॉझिटवरच्या 10 टक्के वार्षिक व्याजाच्या बेरजेवर 0.25 टक्के लागतं. पाच हजार किराया, दहा हजार डिपॉझिट, अकरा महिने, असा हिशोब केला तर ते दीडशेच्या आत बसतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये आहे. जालन्यात 2023 पासून महापालिका आहे. सेवा केंद्रवाल्याची फी वेगळी असते, ती आधीच ठरवा. खर्च निम्मा-निम्मा करायला बहुतेक घरमालक तयार होतात. करारात डिपॉझिटची रक्कम, ते किती दिवसांत परत मिळणार, लाइट-पाण्याचे पैसे आणि खोली सोडण्याची मुदत लिहून घ्या.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या, ती ऑनलाइनही देता येते. चावी घेताना मीटरच्या रीडिंगचा आणि भिंतींचा फोटो काढून ठेवा.

पहिले सहा महिने किराया बँकेतून किंवा यूपीआयने, ठरल्या तारखेलाच द्या. त्याने सिबिलचे गुण आपोआप वाढत नाहीत, ते थकलेले हप्ते फेडूनच वाढतात. पण पुढच्या घरमालकाला दाखवायला त्या सहा नोंदी तुमच्याकडे असतील.

आणि जालन्यातल्या घरमालकांना एक विनंती. अतिवृष्टीत कुणाचं पीक वाहून गेलं आणि कर्ज थकलं, यावरून तो माणूस किराया बुडवेल असं धरू नका. नोंदणीकृत करार करा आणि घर द्या.